नांगर अजून ओला आहे

सासरे आमच्याकडे राहायला आले तेव्हा रिक्षातून आधी नांगर उतरला आणि मग ते उतरले.

नांगर होडीचा. लोखंडी, चार आकड्यांचा, वर दोर ओवायला कडी. इतका गंजलेला की बोट लावलं तर पापुद्रे सुटावेत. बेलापूरजवळच्या त्यांच्या कोळीवाड्यातून कामोठ्यापर्यंत सासऱ्यांनी तो दोन पायांच्या मध्ये उभा धरून आणला होता. रिक्षावाला सगळा वेळ रस्त्यापेक्षा आपल्या सीटच्या रेक्झिनकडेच बघत आला असावा, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. कपड्यांची पिशवी एकच होती, ती बायकोनं घेतली. नांगर माझ्या वाट्याला आला.

"जावई, हा तुमचा," सासरे म्हणाले.

लोकांचे सासरे हापूसची पेटी आणतात. मी नांगर छातीशी धरून दुसऱ्या मजल्यावर नेला. लिफ्ट बंद होती. घरी कुणी यायचं असलं की आमची लिफ्ट बंद असते. अंगात पांढरा शर्ट होता. तो अजून आहे, पण आता घरात त्याला 'रंगाचा शर्ट' म्हणतात.

तक्रार करायला मला जागा नव्हती, कारण हे मी स्वतःच ओढवून घेतलं होतं. शिमग्याला सासरी गेलो होतो. दाबून जेवण झालं होतं आणि आम्ही ओटीवर टेकलो होतो. तिथे सासऱ्यांनी नांगराचा विषय काढला. त्या घरात हा विषय निघाला की सगळे जरा जपून बसायचे.

झालं होतं असं. थंडीत एकदा सासरे एकटेच होडी घेऊन खाडीत गेले. नांगर टाकला, मासे धरले, आणि निघायच्या वेळी नांगर वर येईना. चिखलात रुतला म्हणावं, तर तो रोजच रुततो. खाडीच्या तळाला चिखलाशिवाय दुसरं आहे काय? ओढून ओढून ते दमले आणि होडीत बसून राहिले. ओहोटी लागली, ऊन चढलं. शेवटी गावातली दुसरी होडी जवळून चालली होती, तिच्यातला एकजण यांच्या होडीत आला. त्यानं एका हातानं दोर ओढला आणि नांगर वर आला.

धक्क्यावर उतरल्यावर सासऱ्यांनी जमलेल्यांना सांगितलं, "नांगर गंजलाय. गंजाला चिखल धरतो, सोडतच नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचा कप उचलताना त्यांचा हात थरथरतो, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासून जड काही ओढायचं नाही, असं बजावलंही होतं. पण ज्या माणसानं जन्म खाडीत काढला, त्याला 'आता पुरे' हे सांगायचं कुणी? मेहुणा सांगेना, कारण तो मुलगा. बायको सांगेना, कारण ती मुलगी. मी तर जावई. मग दोष नांगराचाच ठरला आणि तो सगळ्यांच्या सोयीचा होता. नांगर काही उलटून बोलत नाही.

तर धक्क्यावर सगळ्यांना सांगत होते तेच त्या दिवशी ओटीवर सासरे म्हणाले, "नांगर गुलगुलीत झाला ना, की नारली पुनवेला मीच होडी काढतो."

अशी शांतता पसरली की ती भरून काढायची जबाबदारी आपली आहे, असं मला उगाचच वाटतं. मी म्हणालो, "मामा, गंजावर हल्ली फार चांगली कोटिंग्ज निघाली आहेत. मी करून देतो."

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिचा अर्थ मला घरी आल्यावर सविस्तर कळला.

आता मी साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे. आमच्या घराण्यात पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर पाटाचं. मला पोहता येत नाही. मी बेलापूरला एका कचेरीत हिशेब तपासतो, आणि लोखंडाशी माझा संबंध तव्यापुरता आहे. पण माझ्या सासरी एक रीत आहे: जावयानं हात घातलेल्या कामात दुसऱ्यानं हात घालायचा नाही आणि त्याला नावंही ठेवायची नाहीत. लग्नानंतर हौसेनं मी त्यांच्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकली होती. ती उजवीकडे उतरती झाली. सासूबाई होत्या तोवर त्यांनी त्या उतारावर डब्यांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून संसार केला, पण फळी सरळ करायला कुणाला हात लावू दिला नाही. ती आजही तशीच आहे. मी गेलो की डबे मला तिरपे उभे राहून नमस्कार करतात.

म्हणजे मी एकदा 'करून देतो' म्हटल्यावर तो नांगर माझा झाला. आता तो लोहाराकडे जाणार नव्हता, की त्याच्याऐवजी नवा येणार नव्हता.

सासरे आले त्या संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. माहेरच्यांसमोर ती मला 'अहो' म्हणते, एरवी 'ए'.

"ए, ऐक. तो नांगर पूर्ण करायचा नाही."

"मग आणला कशाला?"

"त्यांनी आणलाय, मी नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत तो ओला राहिला पाहिजे. ओल्या रंगाचा नांगर पाण्यात टाकत नाहीत. नांगर नाही म्हणजे होडी नाही. एकदा पुनव गेली की दादा होडी चालवायला लागेल, मग यांना आपोआप कळेल."

"रंग ओला ठेवायचा कसा? तो वाळतो."

"तुला काम अर्धवट ठेवता येतं ना? तेवढंच कर."

एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या अंगचा गुण प्रथमच कुणाच्या उपयोगी पडत होता. आमच्या बाथरूमच्या दाराला मी एका बाजूनं रंग दिलेला आहे. गॅलरीच्या ग्रिलला वरच्या अर्ध्या भागातच प्रायमर आहे. मी काम लांबवलं तर कुणालाच संशय येणार नव्हता.

पहिला रविवार मी पॉलिश पेपरनं गंज घासण्यात घालवला. खांदा गेला. दुसऱ्या रविवारी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "आतल्या भिंतीला की बाहेरच्या?"

"लोखंडाला. पाण्यात राहतं."

"टाकीला?"

"होडीच्या नांगराला."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कामोठ्यात फ्लॅटवाली माणसं येतात, ग्रिल, दारं, फार तर झोपाळा रंगवतात. "तुमी असं करा, आधी रेड ऑक्साइड मारा. मग त्याच्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग. पाणी आत येनारच नाय."

"आत कुठे? तो भरीव आहे."

"तरी पन सेफ ना," तो म्हणाला. मी दोन्ही घेतलं. दुकानदारांशी वाद घालायचं वय माझं राहिलेलं नाही.

बातमी सोसायटीत पसरली आणि जो तो सल्ला घेऊन वर यायला लागला. नांगर गॅलरीत जुन्या बेडशीटवर मांडलेला असायचा आणि त्याच्याभोवती माणसं बारशाला जमावीत तशी जमायची. सोसायटीचे चेअरमन निवृत्त गृहस्थ आहेत आणि त्यांच्या घरातला सोफा अजून दुकानातल्याच प्लॅस्टिकमध्ये आहे. ते म्हणाले, "रंग काय टिकणार? त्याला कव्हर शिवा. रेक्झिनचं, चेन लावून. आमच्या मिक्सरला आहे. मिक्सर अजून नवा आहे."

"पण साहेब, नांगर पाण्यात टाकायचा असतो."

"कव्हरसकट टाका."

मी त्यावर खरंच विचार केला, इतका दमलो होतो.

गावाहून आईचा फोन आला. तिनं तव्याचा उपाय सांगितला: तेल लावायचं, चुलीवर धूर येईपर्यंत तापवायचं, वर अर्धा कांदा घासायचा, असं चार वेळा केलं की काही चिकटत नाही. चार आकड्यांचा नांगर आमच्या दोन शेगड्यांच्या गॅसवर ठेवून मी कांदा घासतो आहे, हे चित्र मनात आणून पाहिलं. चिखल न चिकटता वर येणारा, वर घावनंही घालता येतील असा नांगर. खारघरच्या कॉलेजात जाणाऱ्या आमच्या मुलीचं म्हणणं होतं, नखांना लावतात ते जेल पॉलिश लावायचं आणि निळ्या दिव्याखाली धरायचं, मग ते निघता निघत नाही. रंगही तिनं निवडून दिला. शेवाळी. "मॅट फिनिश, बाबा. आजोबांना शोभेल."

सासरे गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून हे सगळं ऐकत बसायचे. एकदा मी विचारलं, "मामा, तुमच्या वडिलांच्या वेळी नांगराला काय लावायचे?"

"काय नाय," ते म्हणाले. "होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल चोलायचे. वास असा की म्हातारी आमाला घरात घ्यायची नाय. नांगराला कोन काय लावनार? रोज चिखलात जायचा. गंजाला सवड कुठे?" मग जरा थांबून म्हणाले, "पन तुमी लावा. तुमी शिकलेलं मानूस."

ऑफिसातला एक सहकारी मात्र कामाचा निघाला. दिघ्याला त्याच्या ओळखीचं वर्कशॉप होतं, तिथे वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून काढतात. "दोन दिवसांत देतो बघ. मग आयुष्यभर बघायला नको." मी आनंदानं घरी येऊन सांगितलं.

"दोन दिवसांत?" बायको म्हणाली. "गप्प बस. बाबांच्या कानावर घालशील तर बघ."

तर जगात हा प्रश्न दोन दिवसांत सुटतो, हे माहीत असताना मी दर रविवारी गॅलरीत उकिडवा बसून नांगर रंगवत राहिलो. तोवर पाऊस चालू झाला होता. आमच्याकडे पावसाळ्यात टॉवेल वाळत नाही, तिथे रंगाला काय दोष द्यायचा? पण कोट चढवायचा म्हटलं की काळजी आलीच. झड आली की नांगर आत घ्या. उघडीप मिळाली की बाहेर काढा, पापडासारखा फिरवा. त्याच्यावर पंखा लावा. लाइट गेली की वर्तमानपत्रानं वारा घाला. पोरीच्या लहानपणी मी तिचं एवढं केलं नव्हतं, हे बायकोनं बोलून दाखवलंच. "हिची दुपटी वाळत नव्हती तेव्हा हे कुठं होतं सगळं?"

आणि एवढं करून रंग टिकत नव्हता. रविवारी लावलेला कोट गुरुवार-शुक्रवारपर्यंत फुगायचा, सुटायचा, आकड्यांच्या बगलेत पुन्हा लाल गंज दिसायचा. मी कमी-जास्त टर्पेंटाइन घालून पाहिलं, दुसरा ब्रश घेतला, दुकानदाराशी बोललो. तो म्हणाला हवा. चेअरमन म्हणाले कव्हर. अर्धवट काम करणं ही माझी सवय आहे. पण काम मनापासून करूनही ते अर्धवटच राहावं, हे मात्र मनाला लागलं. बायको खूश होती. तिला वाटत होतं मी अभिनय करतोय.

"छान चाललंय," ती हळूच म्हणायची. "असंच वाईट करत राहा."

मेहुण्याचा अधूनमधून फोन यायचा. "दाजी, झाला का नांगर? नाय तर मी नवा आनून ठेवतो. पुनव जवल आली." स्पीकर चालू असायचा. सासरे आतून आवाज चढवून सांगायचे, "नवा बिवा काय नाय. जावयांनी हात घातलाय. त्यांचा अपमान करतोस काय रे?" मग मेहुणा मला म्हणायचा, "तुमचं चालू द्या, दाजी."

याच दिवसांत बायको एकदा डबा हलवत म्हणाली, "आपल्याला एवढं मीठ कसं लागतंय? परवा तर पिशवी फोडली." डॉक्टरांनी सासऱ्यांचं मीठ कमी केलं होतं, म्हणून तिला वेगळीच शंका आली. ते दुपारी चोरून लोणचंबिणचं करून खातात की काय? तिनं मला लक्ष ठेवायला सांगितलं. मी ऑफिसातून कसं लक्ष ठेवणार, ते तिनं सांगितलं नाही.

मग एक दिवस पाणी तुंबलं म्हणून ऑफिसातून लवकर सोडलं. भिजत घरी आलो, किल्लीनं दार उघडलं. बायको कामावर, मुलगी कॉलेजात. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता, समोर कुणी नव्हतं. सासरे गॅलरीत पाटावर बसले होते, माझ्याकडे पाठ. समोर माझा नांगर. एका हातात घरातलं उलथनं. त्यानं ते आकड्यावरचा रविवारचा रंग बेतानं खरवडत होते. हात थरथरत होता, पण घाई नव्हती. एवढंसं खरवडायचं आणि शेजारच्या बादलीतलं पाणी तांब्यानं वर ओतायचं. बादलीजवळ मिठाची पिशवी होती.

मी तिथेच उभा राहिलो. पहिल्यांदा आला तो राग. माझे रविवार, माझा खांदा, माझा पांढरा शर्ट. मग त्यांनी उलथनं खाली ठेवलं आणि नुसतेच बसले, हात मांडीवर, नांगराकडे बघत. आणि मला कळलं की त्यांना जायचं नाहीये. त्या दिवशी भर उन्हात, दोर हातात धरून, एका लोखंडाच्या तुकड्याशी हरून ते होडीत बसले होते. ते पुन्हा व्हायला नको होतं. पण गावाला तर शब्द देऊन बसले होते, पुनवेला होडी काढतो म्हणून. आणि गावात कुणाची छाती नव्हती त्यांना त्या शब्दातून सोडवायची. म्हणून त्यांनी जावई शोधला होता. ज्याच्या कामाला घाई करता येत नाही आणि ज्याला नावं ठेवता येत नाहीत, असा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता.

मी आवाज न करता दार ओढून घेतलं, खाली गेलो, टपरीवर चहा घेतला, थोडा आणखी भिजलो आणि वर येऊन बेल वाजवली. दार उघडायला वेळ लागला.

"आज लवकर, जावई?"

"पाणी भरलं, मामा."

"नांगराचा रंग परत सुटला बघा."

"हवा खराब आहे," मी म्हणालो.

"हवाच," ते म्हणाले. उलथनं धुऊन जागेवर लागलेलं होतं.

बायकोला मी हे सांगितलं नाही. तिच्या मनात बाबा खाडीत जायला अधीर आहेत आणि आपण सगळे त्यांना कसेबसे अडवून धरतोय, असं होतं. त्या अधीरपणाची काळजी करता करता ती मनातून त्यावर खूशही होती, हे मला दिसत होतं. ते मी कशाला मोडायचं? फक्त मिठाची पिशवी मी गुपचूप नवी आणून ठेवायला लागलो. एकाच घरात बाप आणि मुलगी एकमेकांच्या नकळत एकच कारस्थान करत होते, आणि दोघांचा मजूर मी होतो. एकानं लावायला सांगायचं, दुसऱ्यानं काढायचं, पुन्हा मी लावायचं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण पुनवेच्या आदल्या आठवड्यात मुलीला ताप आला आणि ती घरीच राहिली. हॉलमध्ये, गॅलरीच्या अगदी समोर, गोधडी घेऊन दिवसभर मोबाइल बघत. सासऱ्यांना उलथनं हातात घ्यायची संधीच मिळेना. त्यात पावसानंही उघडीप दिली, कडक ऊन पडलं. रविवारी लावलेला शेवाळी कोट कधी नव्हे तो बसला, वाळला आणि आरशासारखा झाला. मॅट म्हणून आणलेला रंगही चमकायला लागला. शनिवारी मी अंगठा दाबून पाहिला. दगड. माझ्या हातून आयुष्यात एक काम पूर्ण झालं होतं आणि तेही नको त्या वेळी.

बायकोनंही अंगठा दाबून पाहिला. "अहो, हा वाळला," ती म्हणाली. सासरे तिथेच होते, म्हणून अहो. त्यांनी काही पाहिलं नाही. ते ग्रिलमधून खाली बघत होते.

पुनवेच्या दिवशी आम्ही नांगर बेडशीटमध्ये गुंडाळून कोळीवाड्यात नेला. रिक्षात या वेळी तो माझ्या पायांत होता. सासरे शेजारी नवी टोपी घालून बसले होते. एका सिग्नलला मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तो गुडघ्यावर होता आणि दुसऱ्या हातानं त्यांनी तो दाबून धरला होता.

धक्क्यावर होड्या पताका लावून सजल्या होत्या. नारळीभाताचा वास येत होता, पलीकडे बेंजो वाजत होता. मेहुण्यानं होडीला निळा रंग दिला होता. आम्ही गुंडाळी खाली ठेवली तशी माणसं जमली. त्यांत सासऱ्यांचा जुना जोडीदार होता, लहानपणापासून एका जाळ्यावर काम केलेला. त्यानं चादरीचा कोपरा उचलला.

"नांगर आनलास का नवरी रे?"

सगळे हसले. चादर बाजूला झाली आणि नांगर उन्हात चमकला. खरंच, एवढा देखणा नांगर त्या धक्क्यावर कधी आला नसेल.

"आयला. हा चिखलात टाकनार? माझ्या सुनेच्या शोकेसात ठेव," जोडीदार म्हणाला. "पन चला, झाला एकदाचा. आता चढ होडीत. बघतो ना आमी, तुला अजून जमतंय का."

गंमतीतच म्हणाला तो. पण सासरे उठले नाहीत. होडीकडे बघत राहिले. बायको माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. जोडीदार वाकला आणि रंग कसा बसलाय ते बघायला त्यानं अंगठा पुढे केला.

"हात लावू नका," मी म्हणालो. "ओला आहे."

अंगठा हवेत थांबला. "ओला? दिसत तर नाय."

"वरून दिसतो तसा. आत ओला आहे. आणखी कोट बाकी आहेत. पाण्यात टाकला तर सगळं जाईल."

जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. माझ्यावर त्याचा किती विश्वास होता ते मला ठाऊक आहे. ती उतरती फळी त्यानंही पाहिली आहे. पण सासरे तोपर्यंत मान ताठ करून बसले होते.

"जावई ओला म्हनतात ना," ते म्हणाले. "मग ओलाच. त्यांच्या कामात मी बोलनार नाय."

"बराबर हाय," जोडीदार म्हणाला आणि त्यानं अंगठा मागे घेतला.

मेहुण्यानं घसा साफ केला. "मग बाबा, मी नेऊ का आज? माझ्याकडे एक नांगर हाय. आनून ठेवलेला होता, असाच."

"ने," सासरे म्हणाले. "पन दोर नीट बघून घे."

त्यांनी धक्क्यावरून पाण्यात नारळ सोडला. होडी निघाली. बायको माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आयत्या वेळी बरं सुचलं तुला," आणि डोळे पुसत नारळीभाताकडे गेली. लोक पांगले. सासरे आणि मी नांगराच्या दोन बाजूंना बसून राहिलो. होडी वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी हात उचलून नांगराच्या एका आकड्यावर ठेवला. पूर्ण तळवा. जरा वेळ तसाच राहू दिला. मग हात उलटा करून पाहिला. तळव्याला काही लागलेलं नव्हतं. तरी त्यांनी तो खांद्यावरच्या पंचाला नीट, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसला.

"ओला हाय," ते म्हणाले.

"हो मामा."

ते त्या दिवशी गावातच राहिले. नांगर मात्र माझ्याबरोबर परत आला, कारण काम बाकी होतं. तो आमच्या गॅलरीत आहे. मोलकरीण त्याच्याभोवतीनं फरशी पुसते, चेअरमन अजून कव्हराची आठवण करून देतात, आणि मुलगी त्याच्या आकड्यांना ओढण्या वाळत घालते. मेहुणा होडी चालवतो. सासरे धक्क्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या नांगरांना नावं ठेवतात, असं बायको सांगते.

रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. मागे धक्क्यावरचा गलका असतो, शेजारी कुणीतरी ऐकत बसलेलं असतं, म्हणून ते जरा मोठ्यानंच बोलतात.

"काय जावई, वालला का नांगर?"

"नाही मामा. अजून ओला आहे."

"बरं बरं. सावकाश करा. घाई नाय."

मग मी रंगाचा शर्ट घालून गॅलरीत जातो. ओढण्या काढून ठेवतो, डब्याचं झाकण उलथन्याच्या टोकानं उघडतो. खांदा दुखतो. पण त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, तर एक हात फिरवायला हवा.